बर्फावरची ड्यूटी

एका व्यावसायिक आइस हॉकी लीगला समाजकार्य करायला बहरीनच का सुचलं, हे मला आजही नीटसं कळलेलं नाही. बाहेर उन्हात गाडीच्या दाराला हात लावला तर भाजतो, आणि ही मंडळी आत बर्फावर काठ्या घेऊन पळणार. पण आमची कंपनी त्यांची स्पॉन्सर आणि मी एचआरमध्ये, त्यामुळे 'कामगारांसाठी बर्फावरची एक दुपार' हे प्रकरण आपसूक माझ्या गळ्यात पडलं. सलमाबादच्या लेबर कॅम्पमधले वीस कामगार शुक्रवारी स्केटिंगच्या रिंकवर न्यायचे, लीगचे खेळाडू त्यांना स्केटिंग शिकवणार, फोटो निघणार. खलास.

मी वीस नावं काढली. यादी टाइप केली, रोज शिफ्टची करते अगदी तशीच: नाव, आयडी, बसची वेळ, खाली माझी सही. कॅम्पच्या बोर्डावर लावून टाकली. एकानेही नाही म्हटलं नाही. मी आपली खूश, बघा लोकांना किती उत्साह आहे म्हणून.

शुक्रवारी नमाजानंतर बस भरली. रिंकवर लीगवाल्यांनी सगळ्यांचे मोबाईल लॉकरमध्ये ठेवायला लावले, पडझडीत फुटतील म्हणून. आमच्यात रत्नागिरीकडचे एक वेल्डर होते, पन्नाशीचे. मराठी बोलणारे म्हणून जरा जवळचे वाटायचे; मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी मला दोनदा विचारलं, "मॅडम, किती वाजले?"

दुसऱ्यांदा मी वैतागलेच. "अहो चाचा, मजा करायला आणलंय तुम्हाला. घड्याळ कसलं बघताय?"

ते मुकाट्याने बर्फावर उतरले आणि दोन पावलांत धपकन बसले. एका धिप्पाड खेळाडूने काखेत धरून त्यांना उभं केलं, तर दोघंही आडवे. मग चाचा जे हसत सुटले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नेमका तोच फोटो निघाला.

पुढच्या आठवड्यात लीगचा ईमेल आला. तो फोटो पोस्टरवर आणि फेसबुकवर हवाय, त्या गृहस्थांची सही घ्या. मी फॉर्म घेऊन चाचा काम करायचे त्या तुबलीच्या वर्कशॉपला गेले. चाचांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"बरा आलाय," म्हणाले. "पण फेसबुकवर नको, मॅडम. पोरगी बघील."

"मग बघू दे की. खूश होईल."

"त्या दिवशी तिचा निकाह होता. इथले अडीच वाजता. मोबाईलवर बघायचा ठरला होता. तिला सांगितलाय, डुटी लागली."

"अहो, मग यायचंच नाही ना. जबरदस्ती थोडीच होती?"

"बोर्डावरच्या लिस्टीत माझा नाव होता, मॅडम. खाली तुमची सही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी त्यांचाच राग आला, एक शब्द तरी बोलायचात की हो. मग लीगचा आला, आणि मग माझा. त्या बोर्डावर लागलेल्या नावाला कॅम्पात कोणी नाही म्हणत नाही, हे इतकी वर्षं याद्या लावणाऱ्या मला कोणी शिकवायला हवं होतं का? पण फोटोतलं ते हसणं काही खोटं नव्हतं. लेकीचा निकाह तिकडे लागत होता आणि हा माणूस इकडे खराखुरा, पोट धरून हसत होता. याचं काय करायचं, मला अजून कळत नाही.

फॉर्म मी घडी घालून पर्समध्ये टाकला. दारापर्यंत गेले, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

"मॅडम, पोरीने परत विचारला तर... ती डुटीच होती ना?"

"हो चाचा," मी म्हणाले. "ड्यूटीच होती."