गळ्यातल्या कार्डावरचा रक्तगट

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत रक्तदान शिबिर होतं. रक्तगट तपासायला पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी कोणाला नाव विचारलं नाही, म्हणून मीही त्यांचं विचारलं नाही.

"बी पॉझिटिव्ह," म्हणत मी गळ्यातलं कार्ड दाखवलं.

"बोट द्या. कार्ड नको."

पांढऱ्या टाइलवर माझ्या रक्ताचे तीन थेंब ठेवून त्यांनी एकात ए ओळखणारं निळं, एकात बी ओळखणारं पिवळं आणि एकात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं बिनरंगी औषध घातलं. काडीने ढवळून टाइल पाळण्यासारखी हळूच डोलवली. दूध फाटावं तशा गुठळ्या फक्त बिनरंगी औषधाच्या थेंबात झाल्या.

"ओ पॉझिटिव्ह. कार्डावर बी कोणी लिहिलं?"

"मीच. वडिलांचा बी आहे."

"अहो, रक्तगट म्हणजे आडनाव नव्हे, वडिलांचं लावून टाकायला! उद्या अपघात झाला आणि कोणी कार्ड वाचून रक्त चढवलं तर?" त्यांनी पिवळी बाटली उचलली. "हिच्यातल्या अँटिबॉडीला बी सोडून जगातलं काही ओळखता येत नाही. म्हणून ती चुकत नाही."

गृहस्थही त्या बाटलीसारखेच होते: नाव नको, कार्ड नको, फक्त रक्त ओळखायचं.

मी ओशाळून मागे पाहिलं. रांगेतल्या चौघांनी आपापली कार्डं गुपचूप खिशात सरकवली होती.