दस्तगीरच्या रशियन तबकड्या

दस्तगीर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत पेटी शिकवत होतो. वर्ग तसाच टाकून भिंगारला धावलो, जनाज्याला खांदा दिला... आणि मनात काय आलं? केवढी माणसं जमली याला! आपल्याला एवढी जमतील? लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. मी त्याच्यावर जळत होतो.

तो कॅम्पात ग्रामोफोन दुरुस्त करायचा. लढाई संपल्यावर विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं जाताना त्याला पाच तबकड्या दिल्या. हल्लीच्याच कुणा रशियन संगीतकाराची सिंफनी, मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेली. गाणं शिकलेला मी, आणि तबकड्या या स्क्रू पिळणाऱ्याला! पहिल्याच रविवारी मी ताबा घेतला. "आधी वरची बाजू, मग तीच उलटून खालची, मग दुसरी तबकडी. यात विचारायचं काय?" दस्तगीर काहीतरी बोलणार होता... थांबला. "तुमी म्हनाल तसं, मास्तर."

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगायचो, की हा रशियन मधेच सूर तोडतो, त्यातच त्याची थोरवी. लोक माना डोलवायचे. दस्तगीर चावी भरायचा, सुई बदलायचा आणि डोळे मिटून असा ऐकायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. याला मेल्याला एवढं काय कळतं?

चाळिसावा झाल्यावर दस्तगीरच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेलो. त्यांनी आपण होऊन पहिली तबकडी लावली. संपल्यावर उलटली नाही, दुसरी घेतली.

"भाभी, चुकलं."

"न्हाई मास्तर. सायबाचं मशीन एकामागं एक तबकड्या आपोआप खाली सोडायचं. आधी समद्यांच्या वरच्या बाजू, मग गठ्ठा उलटा करून खालच्या; गाणं बी त्याच क्रमानं भरल्यालं. यांनीच दुरुस्त केलं हुतं ते. आमी दोघं असंच ऐकायचो. तुमी आलात की तुमच्या रीतीनं."

"मग बोलला का नाही कधी?"

"म्या बी इचारलं. म्हनले, मास्तर चार लोकांत बोलत्यात. त्यांचं तोंड उतरलेलं मला न्हाई बघवायचं."

तिसरी तबकडी सुरू झाली. सूर कुठंही तुटत नव्हते. भाभी डोळे मिटून ऐकत होत्या, अगदी त्याच्यासारख्या. दोस्ता, हे गाणं मी तुझ्या शेजारी बसून एकदाही ऐकलं नाही. भाभींनी ऐकलं. आता त्यांचा हेवा वाटतो रे.