आमचं की आपलं

डेल्फीनला चौथ्या वर्षी सरकारी गाडीतून उचलून शहरात, गोऱ्यांच्या घरी वाढवायला नेलं. परत आली ती तिशी ओलांडून, इंग्रजी कविता आणि आमची क्री भाषा, तीही मोडकीतोडकी, घेऊन. आता आमच्या वस्तीतल्या पंपावर पेट्रोल भरते. कोणी 'शहरवाली' म्हटलं की तिचं तोंड एवढंसं होतं. म्हणणारे काही कमी नाहीत. आमच्या लोकांच्या जिभेला हाड नाही.

तिची आई केव्हाच वारली. आईच्या घराण्यातल्या गोष्टी आता फक्त तिच्या क्लेमेंस मावशीला येतात. त्या बर्फ पडल्यावरच सांगायच्या, तेही घरच्यांनाच. डेल्फीनला त्या हव्या होत्या, बाकी काही नको. मावशी म्हणाली, "सभागृहात कविता वाच. घरची आहेस का परकी, ते ऐकून सांगते." मला ही परीक्षा मुळीच पटली नाही, पण मावशीपुढे बोलायची कोणाची टाप?

सभागृह भरलं. मी सगळ्यांसाठी मैद्याच्या जाड पुऱ्या तळून मागे उभी होते. ती कागद घेऊन पुढे आली. इंग्रजी ओळी निभावल्या. क्रीतल्याही बऱ्याचशा. मग शेवटची आली, "हे तळं कोणाचं? नियनान."

नियनान म्हणजे 'आमचं', ऐकणाऱ्याचं नव्हे. इंग्रजीत 'आमचं' आणि 'आपलं' दोन्हीला एकच शब्द, तिथेच पोरगी फसली.

"म्हणजे आमचं नाही का गं?" म्हातारा हर्मास ओरडला. "चला रे, तळ्यातली मासे धरायची जाळी गुंडाळा!"

हशा पिकला. डेल्फीन पांढरीफटक पडली. कागद चुरगाळून ती दाराकडे निघाली, आणि मला हर्मासच्या टाळक्यात कढई घालावीशी वाटली.

मावशी उठून दारात आडवी उभी राहिली.

"हसताय काय? शहरात हा शब्द ती गोऱ्यांना ऐकवत होती. आमचं आहे, तुमचं नाही. तिथे बरोबरच होता. 'आपलं' म्हणायला तिच्याजवळ होतं कोण?"

हर्मासने मान खाली घातली.

"कियानाव म्हण, पोरी. आपलं, सगळ्यांचं."

डेल्फीन काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने. मला कमी ऐकू येतं."

साफ खोटं! तळ्यापलीकडचं बदक ओरडलेलं तिला ऐकू येतं. पण डेल्फीनने पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना ती रडायलाच लागली.

मावशीने खुंटीवरचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला.

"बर्फ पडलाय," ती म्हणाली. "घरी चल."