क्रॉयडनची टीम

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवलं तर मला अन्न पचत नाही. तुला सांगतोय, कारण तू मध्येच "अरे, तेव्हा लहान होतास तू" असं म्हणणार नाहीस. लहान कसला! एम.एस्सी. करत होतो, रोज दाढी करावी लागायची.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. लंडनच्या कॉलेजांतल्या मराठी पोरांची आम्ही एक क्रिकेट लीग चालवायचो. सहा कॉलेजं, रविवारी ईलिंगच्या पार्कात मॅच, नंतर चहा आणि कुणाच्या तरी वहिनींनी केलेले बटाटेवडे. मग त्या वर्षी दोन तगडी कॉलेजं आम्हाला सोडून मोठ्या लीगमध्ये गेली. तिथे टर्फ विकेट होती, स्पॉन्सर होता. धड सांगूनसुद्धा गेली नाहीत. सहापेक्षा कमी टीम असल्या तर तिथली नगरपालिका, म्हणजे कौन्सिल, लीगला मैदान द्यायची नाही, त्यामुळे दोन कॉलेजं घेणं भागच होतं. यायला तीन तयार होती. म्हणजे नाही कुणाला म्हणायचं, एवढंच ठरवायचं होतं.

शिरीष सेक्रेटरी. पुण्याचा, माझा फ्लॅटमेट. दिलदार माणूस — मला ताप आला तेव्हा मऊ भात करून घातला होता त्यानं. पण नवा पोरगा भेटला की त्याचा प्रश्न ठरलेला: "पूर्ण नाव काय रे तुझं?" आडनाव येईपर्यंत वाट बघायचा, आलं की हळूच मान हलवायचा. तुला ठाऊक आहे ना ती मान?

माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यावरून काही थांग लागत नाही. मी नागपूरचा, बौद्ध घरातला. इंजिनिअरिंग पुण्यात केलेलं, म्हणून बेधडक "पुण्याचा" म्हणून सांगायचो. आईचा फोन आला की बाहेर फुटपाथवर जायचो, न जाणो तोंडातून नागपुरी निघाली तर! शिरीषनं मला पुढे काही विचारलं का? कधीच नाही. पण तो विचारत का नाही — हाच किडा डोक्यात. त्याला कळलंय आणि तो गप्प बसलाय? किचनमध्ये कुणी हसलं की मला वाटायचं, माझ्यावरच हसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या तीन कॉलेजांपैकी क्रॉयडनच्या टीमचा कॅप्टन होता मिलिंद. तो मला आधीच भेटला होता, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. लंडनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात, वडिलांनी बजावलं होतं म्हणून, मी कॅमडेनला गेलो होतो. शिकायला आले तेव्हा बाबासाहेब राहिले ते घर बघायला. तेव्हा तिथे स्मारक झालं नव्हतं, फुटपाथवरूनच हात जोडायचे. तिथे मिलिंद आधीच उभा होता. "जय भीम, भाऊ. नागपूर का?" माझ्या तोंडावर लिहिलं होतं की काय! जवळच्या एका बाकावर बसून आम्ही त्याच्या डब्यातली पोळीभाजी खाल्ली. त्याचं कॉलेज, त्याचे प्रोफेसर, डोकं खाणारा त्याचा प्रबंध — सगळं सांगितलं त्यानं. "अभ्यास करू करू पागल होऊन राहिलो, बाप्पा!" मी किती हसलो त्या दिवशी. या देशात आल्यापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्याचा नंबर घेतला. फोन मात्र कधी केला नाही.

मग त्याच्या टीमची ट्रायल मॅच आली. त्याच्या लेगस्पिनवर आमचे निम्मे गडी गारद. चहाला तो सरळ माझ्याकडेच आला, हसत, हात पुढे करून, शब्द ओठांवर आलेला. शिरीष माझ्या शेजारी वडा खात उभा. मिलिंदनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय दिसलं असेल त्याला? त्यानं तो शब्द गिळला आणि म्हणाला, "हॅलो. नाइस टू मीट यू."

शिरीषनं त्याला पूर्ण नाव विचारलं. त्यानं ते खणखणीत सांगितलं, आडनावासकट.

त्यानं मला सांभाळून घेतलं, आणि मी? मला त्याचीच भीती वाटायला लागली. आज गिळला शब्द, पण दर रविवारी गिळेल? त्याच्या टीममधला आणखी कुणी ओळख काढेल?

मीटिंग आमच्याच किचनमध्ये झाली. क्रॉयडनची टीम सगळ्यांना हवी होती. शिरीषसुद्धा म्हणाला, "भारी खेळतात यार, घेऊन टाकू." आणि मी — बघ, किती वेळ घोळवतोय — मी म्हटलं, "ही पोरं खरंच कॉलेजात जातात का, कुणी पाहिलंय? व्हिसापुरती काढलेली कॉलेजं असतात तिकडे. उद्या इमिग्रेशनवाले आपल्या दारात आले तर?"

व्हिसाचं नाव काढलं की आमच्यातला वाघसुद्धा शेपूट घालायचा. क्रॉयडनच्या नावावर काट मारली सगळ्यांनी. मी बोललो ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. शिरीष म्हणाला, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं? मी विचारलं नाही.

आमचं असं ठरल्यावर क्रॉयडनला मैदान मिळालंच नाही. माझं वाक्य मात्र सगळीकडे फिरलं. त्यांच्याशी साधी फ्रेंडली खेळायलाही कुणी तयार होईना. उन्हाळा संपायच्या आत टीम फुटली. एवढं व्हावं असं मला वाटत होतं का? तेव्हा मला फक्त हायसं वाटलं होतं.

पण त्याच्या आधी, मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी, मिलिंदला कळवायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण मुद्दा मीच काढला होता. शिरीषच्या गाडीतून फोन केला. कारण सांगितलं — तुमच्या कॉलेजबद्दल कमिटीला शंका आहे. ते कॉलेज खरं आहे हे मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. "तूच म्हणालास का?" एवढं तरी विचारायचं होतं त्यानं. नाही विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सांभाळून राह, भाऊ." आणि मग, मलाच ऐकू जाईल इतक्या हळू, "जय भीम."

शिरीष शेजारी बसला होता. मी म्हटलं, "ओके, बाय."