शेवटचा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाइंडरकाका एकतीस वर्षं पुस्तकं शिवत आले. बोलणं बेताचं; पण त्यांनी बांधलेलं पुस्तक कुणी भिंतीवर आपटलं तरी त्याचं पान हलायचं नाही. पूर्वी ते काम घरी आणत, तेव्हा बायको दोऱ्याला मेण लावून द्यायची. आता तिला दिसत नव्हतं.

मुलगा सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशातल्या एका शहरात गेला. दहा पत्रं आली, मग एकही नाही. तिथल्या पोलिसांनी ‘तपास चालू आहे’ एवढंच कळवलं होतं.

नेमक्या त्याच शहरात घडणारी एक रहस्यकथा वाचनालयात होती. एक तरुण नाहीसा होतो आणि एक म्हातारा पोलीस त्याला धुक्यात दारोदार शोधतो. काका रोज संध्याकाळी त्यातली दोन-चार पानं बायकोला वाचून दाखवत.

“पूल आला का हो? आपल्या पोराची खोली पुलापलीकडेच होती.”

“उद्या येईल. आज पोलीस जिनाच चढतोय.”

“चढू दे बिचाऱ्याला.” मग ती म्हणाली, “हा सापडला ना, की आपलाही सापडेल. मी मनाशी धरलंय.”

काकांनी पुस्तक मिटलं.

वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवलेला असे. वाचकांनी त्यावर अभिप्राय लिहायचा. ते वाचून ग्रंथपालबाई दरवर्षी रद्दीची पुस्तकं निवडत. या पुस्तकाच्या कागदावर तर भांडणच जुंपलं होतं. ‘मुंगीच्या चालीने चालते.’ ‘तीनशे पानं झाली, पोलीस अजून जिन्यातच!’ त्याखाली एका निवृत्त नर्सबाईंनी लिहिलं होतं, ‘शोधणं असंच असतं. वाचताना मलाच धाप लागली.’ आणि सगळ्यात खाली कुणीतरी चिडून खरडलं होतं, ‘एवढं करून पोरगा शेवटी मेलेलाच सापडतो. वेळ फुकट.’

दुसऱ्या दिवशी काकांची नजर त्या ओळीवर पडली. हातातली सुई ठेवून ते पुस्तक घेऊन ग्रंथपालबाईंकडे गेले.

“बाई, याची शिवण सुटलीय. नव्याने बांधतो.”

“अहो काका, ते रद्दीत चाललंय! लोकांना त्याने झोप लागते. त्याला कसले नवे कपडे शिवताय?”

“बांधतो,” काका म्हणाले.

त्यांनी सगळे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवले. शेवटचा सोळा पानांचा फर्मा तेवढा बाजूला काढून पिशवीत ठेवला.

चार दिवसांनी वाचन तिथवर आलं. पोलीस एका बंद दारापुढे उभा होता.

“पुढे?”

“पुढची पानंच नाहीत गं. फाडली असतील कुणीतरी.”

तिने हात पुढे केला. पुस्तक मांडीवर घेऊन शेवटचं पान उघडलं आणि शिवणीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“फाडलेलं काही हाताला लागत नाही. गाठ ताजी आहे. दुहेरी, आत वळवलेली.” तिने पुस्तक परत दिलं. “इतकी वर्षं मेण मी लावलंय. तुमची गाठ मला कळत नाही होय?”

काकांनी पिशवी जवळ ओढली.

“काढा ती पानं. असेल ते वाचा.”

त्यांनी वाचलं. दार उघडलं. तरुण आत होता, थंड झालेला. पोलिसाने त्याच्या आईला पत्र लिहिलं. काका दोनदा अडले. ती ‘हं’ म्हणून पुढे वाचायला सांगत राहिली.

संपल्यावर ती म्हणाली, “तिला पत्र तरी गेलं.” मग विचारलं, “मागच्या कागदावर लोकांनी काय लिहिलंय हो? लांबलीय?”

“हो. फार संथ आहे म्हणतात. सव्वातीनशे पानं आहेत.”

“सव्वातीनशे पानांत त्यांचा सापडला की.”

सकाळी काकांनी पुस्तक उसवलं आणि शेवटचा फर्मा त्याच्या जागी शिवला. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अभिप्रायाच्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, ‘फार लवकर संपते.’