अर्ध्या इंचावर अडलेलं लग्न

माझं लग्न अर्ध्या इंचावर अडलं होतं, असं मी सांगतो तेव्हा माणसं आधी माझ्या उंचीकडे बघतात. उंचीचा काही संबंध नाही. अडलं होतं ते पाण्याच्या पाइपावर.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि साताऱ्याकडून येऊन मी त्यातल्या एकाच्या हजेरी खात्यात चिकटलो होतो. राहायला चिंचवडात एक खोली. मागे घरमालकाची विहीर आणि इंजिनाने भरणारी टाकी. टाकीतून निघालेला जस्ती पाइप अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबला होता, तोंडात लाकडी बूच घेऊन.

मुलगी चाकणची. वडील कासार, बाजारात बांगड्यांचं दुकान. मुलगी बघायला गेलो तर ती माझ्या नव्या टोपीकडे बघून हसू दाबत होती. तेवढ्यावरच मी विकला गेलो. पण मामांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विचारलं, "पाव्हणं, पाणी किती लांब हाय?"

"मागंच विहीर आहे, मामा."

"म्हंजी घागरी आल्याच. थोरलीला अशीच दिली, खांदं गेलं तिचं. दारात नळ दिसल्याबिगर मी तारीख धरायचो न्हाई."

"एवढंच ना? पाइप म्हणजे आमचा रोजचा खेळ!" मी छाती काढून म्हणालो. खरं तर माझा रोजचा खेळ शाईच्या दौतीशी होता. पण आषाढ तोंडावर आला होता, आणि दुसरं एक स्थळ चाकणात चकरा मारत होतं. त्याच्या दारात म्हणे नळ होता!

घरमालकाने आनंदाने परवानगी दिली. मी फूटपट्टी घेतली, कोपऱ्यातल्या पाइपावर आडवी धरली. पाऊण इंच आणि वर थोडंसं. वरचं थोडंसं मी गंजावर ढकललं आणि पुण्याहून पाऊण इंची पाइप घेऊन आलो, जोडायच्या सॉकेटसकट. शेजारीपाजारी जमले. मी बूच काढलं, बाह्या सरसावल्या आणि नवा पाइप जुन्यावर फिरवायला गेलो. फिरवायचं राहिलं बाजूला, जुना पाइप नव्याच्या पोटात सळकन गेला, तलवार म्यानात जावी तसा! वर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, कित्ती छान बसला!"

थोडी मुदत मागायला मी चाकण गाठलं. मामा दुकानात एका बाईच्या हातात बांगड्या भरत होते. "अडीचच्या काढू का?" म्हणत त्यांनी दोन बांगड्या पुढे केल्या. एक काचेची, नाजूक. दुसरी लाखेची, चांगली जाडजूड.

"दोन्ही अडीचच्या?" मी विचारलं. "ही तर केवढी मोठी दिसते!"

"दिसंना का. हात आतनं जातो, पाव्हणं, भायेरनं न्हाई!"

मी मुदत मागायची विसरलो आणि उलट पावली चिंचवडला पळालो. माप आतलं! पट्टी पाइपाच्या तोंडावर टेकवली. पाऊणच्या खालचा पाइप अर्ध्याचा, म्हणजे आतून अर्धा इंच भरायला हवा होता. भरला अर्ध्याहून बराच जास्त! बांगडीनेही दगा दिला.

मग पुण्याचा तोच पाइपवाला दुकानदार. म्हटलं, "बाहेरून पाऊण इंचाच्या वर, आतून अर्ध्याच्या वर. हा पाइप आहे तरी कितीचा?"

"अर्ध्याचा."

"अर्धा कुठून?"

"आता कुठूनच नाही!" तो मनापासून हसला. "अहो, पूर्वी पाइपाची भिंत जाड असायची, तेव्हा आतून अर्ध्याच्या आसपास भरायचा. पुढं भिंत पातळ झाली. पण बाहेरून बारीक केला असता तर जुन्या आट्यांवर नवा माल बसला नसता. म्हणून बाहेर तसंच ठेवलं, आत जागा वाढली. नाव राहिलं ते राहिलं." मग त्याने तांब्याची एक नळी पुढे ठेवली. "ही ट्यूब. ही बाहेरून अर्धा म्हणजे अर्धाच. दोघांना एका नियमानं मोजलंत तर रोज इथंच याल राव."

मला इतका आनंद झाला की त्याच्या गल्ल्यापाशीच मी टाळी वाजवली. म्हणजे आकडा हे पाइपाचं माप नव्हे, ते त्याचं नाव! अर्ध्याचा पाइप, अर्ध्याचं सॉकेट आणि सांधा गळू नये म्हणून ताग नि सफेदा घेऊन आलो. या वेळी आटे असे फिरले की प्रत्येक फेऱ्याला माझ्या कानात सनई वाजली.

पुढच्या रविवारी मामा आले. तोटी त्यांनी स्वतः फिरवली. आधी नुसता फुरफुराट, मग तांबडं पाणी थेट त्यांच्या पांढऱ्या धोतरावर. आणि मग पाणी निवळलं. मामांनी ओंजळ भरून प्यायलं, मिशा पुसल्या.

"तारीख धरतो," ते म्हणाले. "एक सांगू? नळाची अट माजी न्हवती, पोरीची हुती."

"मग ते दुसरं स्थळ? त्यांच्याकडे तर नळ होताच."

"व्हय. आठ दिस झालं त्यास्नी नगं म्हणून. म्हनली, हितला नळ बसंस्तवर थांबू."

त्यानंतर मामा मुहूर्ताचं बरंच काही बोलले असावेत. तोटी उघडीच होती, पाणी अंगणभर पसरलं होतं आणि मी त्यात चपलांसकट उभा होतो.