चोऱ्या नसलेल्या गावची पोलीस पाटील

माहेरच्या मैत्रिणी शहरात गुलमंडीच्या बाजारात साड्या घ्यायला भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "मग, किती चोर धरले?" मी म्हणते, एकही नाही. "तर मग तू करतेस काय?" मग मी एक किस्सा सांगायला घेते, त्यातून दुसरा निघतो, आणि दुकानदार बिचारा साड्यांच्या घड्या घालून थकतो. पोलीस पाटील झाल्यापासून माझ्याकडं गुन्हे काही जमले नाहीत, किस्से मात्र पोतंभर जमले.

आमचं गाव खुलताबादच्या डोंगराखाली, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. ठाण्यात महिन्याला सगळ्या गावच्या पोलीस पाटलांची बैठक असते. कुणाच्या गावात विहिरीवरची मोटार गेलेली असते, कुणाच्या गावात शेळ्या. माझी पाळी आली की मी उभी राहते आणि म्हणते, "निरंक, साहेब." म्हणजे काहीच घडलेलं नाही. साहेब मान वर करून बघतात आणि म्हणतात, "बसा." जणू माझ्याच अंगात काही कमी आहे.

* * *

माझ्या आधी पोलीस पाटील होते रंगनाथ तात्या. साठी झाली म्हणून ते पदावरून उतरले आणि जागा महिलेसाठी निघाली. मी अर्ज भरला, भाकऱ्या थापता थापता अभ्यास केला, लेखी दिली, तोंडी दिली, निवड झाली. गावानं पारावर सत्कार ठेवला आणि हार घातला तो आमच्या ह्यांच्या गळ्यात.

हे वाळूजला कंपनीत आहेत. त्या दिवसापासून त्यांचं नावच पडलं 'पाटील'. शिफ्टच्या बसमधले दोस्तसुद्धा म्हणायला लागले, "सरका की पाटील, बसू द्या." आणि मी झाले पाटलीणबाई. म्हणजे परीक्षा मी पास झाले, आणि पाटलाची बायकोसुद्धा मीच. हे स्वभावानं गरीब. म्हणाले, "म्या काय मागितलं व्हतं का? लोकंच म्हणू लागले." म्हणाले खरं, पण मिशीला पीळ तेव्हापासूनच आला.

त्याचंही एवढं काही नाही. मला लागलं ते वेगळंच. कुणाची बकरी दुसऱ्याच्या तुरीत शिरली, भावाभावांत वाजलं, की लोक माझ्या दारावरून पुढं जायचे आणि तात्यांच्या ओट्यावर बसायचे. तात्या आता पदावर नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, तरी गाऱ्हाणं तिथंच. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. एकदा तरी कुणीतरी नीट माझ्या दारात येऊन तक्रार सांगावी, एवढीच माझी इच्छा होती.

* * *

आमच्या गावात घराला कुलूप लावतात, पण किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवतात. शेजारणीला चहापत्ती लागली तर तिनं काय करायचं? साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "गावाला समजावून सांगा. किल्ली चौकटीवर ठेवायची नाही. जबाबदार माणसाकडं ठेवायची."

मी मंदिराच्या भोंग्यावरून शब्दाला शब्द तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका शेतात निघाल्या आणि एकेक जण माझ्या दारात थांबायला लागली. "घ्या बाई किल्ली. तुमीच म्हणले ना, जबाबदार माणसाकडं." स्वयंपाकघरातले खिळे भरले, मग फळीवरचा डबा भरला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, लोक दारात यायला तरी लागले.

दुपारी मीही कापूस वेचायला गेले. तेवढ्यात साहेब अचानक गावभेटीला आले. मी घाईघाईनं परत येते तर साहेब आमच्याच घरात खुर्चीवर बसलेले. दाराला कुलूप होतं ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, "होतं. चौकटीवर हात फिरवला." मग समोर स्वयंपाकघरातल्या खिळ्यांकडं बघून अगदी शांतपणे म्हणाले, "चोराची किती सोय केलीत हो. बिचाऱ्याला सगळं गाव फिरायला नको."

संध्याकाळी सगळ्या किल्ल्या आपापल्या चौकटीवर परत गेल्या. माझीसुद्धा.

* * *

मधे एक फोनची सोय आली. एका नंबरवर निरोप बोलायचा, की सगळ्या गावाला एकदम फोन जातो आणि तोच आवाज ऐकू येतो. चोर दिसला, आग लागली, बिबट्या आला तर उपयोग व्हावा म्हणून. मी घरोघरी जाऊन नंबर दिले.

पहिला फोन आला तो रशीदभाईंच्या आवाजात. त्यांची पिठाची गिरणी आहे. आवाज चढलेला, "सब लोगां जल्दी आव, गिरणीपे आव, देर मत करो." अर्धं गाव काठ्या, कुऱ्हाडी घेऊन धावलं. मी सगळ्यात पुढं, हातात बॅटरी, दिवसाउजेडी.

रशीदभाई गिरणीच्या दारात हसत उभे. "लाइट आई है. फिर जाती. दळण लेके आव." लोकांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी चिडलं नाही, सगळे घरी जाऊन डबे घेऊन आले. कुऱ्हाडी मात्र गिरणीच्या भिंतीला तशाच टेकवलेल्या.

मी रशीदभाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, हा नंबर गावाच्या सुरक्षेसाठी आहे. ते म्हणाले, "भाभी, रात को रोटी नहीं मिली तो घर में क्या होता, तुमको मालूम नहीं? मैं वो झगडेच रोक रा था." मी आणखी दोनदा समजावलं, त्यांनी दोनदा मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात परत फोन केला. शेवटी तात्या गिरणीवरून जाता जाता नुसते खाकरले. त्यानंतर फोन बंद. मी घरी येऊन आरशासमोर खाकरून बघितलं, पण ते जमायचं काम नाही.

* * *

चोऱ्या होत नाहीत म्हणजे वस्तू जात नाहीत असं नाही बरं का. कडूबाचा विळा गेला. तो दोन दिवस गावभर विचारत हिंडला, पण माझ्याकडं नाही, तात्यांकडंच गेला. तिसऱ्या दिवशी विळा त्याच्या गोठ्याच्या दाराला टांगलेला सापडला. धार लावलेला. कडूबा म्हणाला, "आता कोयता बी न्यावा कुणीतरी."

* * *

ह्याच कडूबाच्या घरचा एक किस्सा आहे. त्या दिवसांत मोबाइलवर अफवा फिरत होती, पांढऱ्या गाडीतून टोळी येते आणि घरं हेरून जाते. आणि एका दुपारी पांढरी गाडी गावात शिरली. आत चार अनोळखी माणसं. गाडी हळूहळू चाललेली, प्रत्येक घराकडं बघत. कुणीतरी ट्रॅक्टर आडवा लावला. मला बोलावणं आलं, कारण तात्या नेमके बाजाराला गेले होते.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि आवाज चढवला. कुठून आले, कुणाकडं चालले? चौघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सांगेनात. माझा संशय पक्का झाला. त्यातला एक तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, घामाघूम झालेला. मी त्यालाच धरलं. काम काय करतोस? "कंपनीत हाये." पर्मनंट का कंत्राटी? "कंत्राटी." खरं सांग. "खरंच कंत्राटी. पर्मनंट व्हायचं बोलणं चालू हाये." शेती किती? कुणाच्या नावावर? दारू पितोस? "सोडली." कधी सोडली? "मागच्या दिवाळीला. आईची शपथ."

मग डिकी उघडायला लावली. आत केळी, नारळ आणि कागदात बांधलेली एक साडी. तेवढ्यात कडूबाची बायको धावत आली. तिच्या मुलीला बघायला आलेले पाहुणे होते ते. जुळेपर्यंत गावात कुणाला कळू द्यायचं नाही, असं दोन्हीकडून ठरलेलं. म्हणून बिचारे बोलत नव्हते.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण संध्याकाळी कडूबाची बायको आमच्याकडं येऊन गेली. म्हणाली, "बाई, आमी चहा पाजून जे इचारू शकलो नसतो, ते तुमी समदं रस्त्यात इचारलं. पोरीला बी पसंत हाये. म्हणली, खरं बोलतो." लग्न झालं, पोरगी सुखात आहे. आता गावात मुलगी दाखवायची असली की आईबाप हळूच सांगून जातात, "गाडी येईन उद्या. जरा आडवा ना."

घरी येणारे लोक वाढले. तक्रार घेऊन मात्र अजून कुणी आलं नव्हतं.

* * *

मग ग्रामपंचायतीनं पारावर कॅमेरा बसवला. पडदा ग्रामपंचायतीच्या खोलीत. चोर दिसेल म्हणून मी रोज जाऊन बसायचे. माझ्या मागं बायका यायला लागल्या. "जरा बघू द्या ना. आमचं माणूस बसलंय का पत्ते खेळत?" बसलेलं असायचं. बाई तिथूनच तरातरा पाराकडं निघायची आणि आम्ही बाकीच्या पुढचं सगळं पडद्यावर बघायचो.

साहेबांनी बैठकीत विचारलं, "कॅमेऱ्यानं काही फरक पडला का?" मी म्हटलं, "पडला साहेब. पत्ते लिंबाच्या झाडामागं गेले."

त्या पडद्याच्या एका कोपऱ्यात तात्यांचा ओटा दिसायचा. लोक येतायत, बसतायत, हातवारे करतायत, तात्या मान हलवतायत. आवाज नाही, नुसतं चित्र. तरी मला कोण कशाबद्दल बोलतंय ते कळायचं. ती खरं तर माझी कामं होती आणि मी ती लांबून बघत बसायचे.

* * *

आणि यंदा, अद्रकीचा भाव चढलेला असताना, तात्यांच्याच वावरातून अद्रकीची पोती गेली. खणून, भरून बांधावर ठेवली होती. तात्या जेवायला घरी आले, परत गेले तर बांध रिकामा.

हे मला तात्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या घरच्या काकूंनी हापशावर सांगितलं, इकडं तिकडं बघत. मी लगेच त्यांच्या घरी गेले. तात्या आत बसले होते. मी पदर घेऊन दारात उभी राहिले आणि विचारलं. "काय नाय गेलं," ते म्हणाले. "भरतानाच कमी भरली असंन." मी म्हटलं, तात्या, तक्रार गेल्याशिवाय साहेबांना तपास करता येत नाही. दुसऱ्यांचीही अद्रक उघड्यावर पडलीय. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "माझ्या हयातीत ह्या गावातून काडी गेली नाय, सूनबाई." मी परत आले.

त्यानंतर तात्या ओट्यावर बसेनात. लोक यायचे, ओटा रिकामा बघून जरा घुटमळायचे आणि परत जायचे. माझ्याकडं नाही, आपापल्या घरी. इतके दिवस मला तो ओटा रिकामा व्हावासा वाटत होता. आता पडद्यावर तो कोपरा बघवेना. हे म्हणाले, "तूच देऊन टाक ना खबर ठाण्यात." मला ते करता आलं असतं, पण मी केलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर गावाची गाऱ्हाणी ऐकली, त्याचं गाऱ्हाणं मी त्याच्या पाठीमागं कसं नेणार?

रविवार उजाडला. ह्यांना सुट्टी, अंगणात गाडी धूत होते. पारावर सगळं गाव बसलेलं. मी आत पोहे परतत होते. खिडकीतून बघते तर तात्या येताना दिसले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. मागच्या बोळातून आमचं घर जवळ पडतं, पण तात्या पारावरून आले, सगळ्यांच्या मधून. माणसं उठून उभी राहिली. "तात्या, कुणीकडं?" तात्या सरळ चालत राहिले. आमच्या अंगणात येऊन थांबले.

ह्यांनी ओल्या हातानंच खुर्ची पुढं सरकवली. तात्या बसले नाहीत. पारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाटील हायेत का घरात?"

हे म्हणाले, "बोला की तात्या. हा काय मी हितंच हाये."

तात्यांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू गाडी धू," ते म्हणाले. "पाटलाला बोलव. तक्रार द्यायचीय."